उंदराची पेढेतुला

उंदराचा सत्कार करायचं ठरलं तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेत एकही माणूस हसला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही म्हणाल, हा लिहिणारा फेकतोय.

सत्कार ही आपल्या भागातली साथ आहे. फौजदार आला, सत्कार. तोच फौजदार पैसे खाऊन बदलून गेला, सत्कार. कुणाची म्हैस जास्त दूध देते, कुणाचा मेहुणा दिल्लीला जाऊन परत आला, शाल आणि नारळ तयारच असतो. मग मागचे पाय लुळे पडलेला उंदीर चालायला लागला तर त्याला कोण सोडणार?

उंदीर चालायला हवा होता तो ऋषिराजसाठी. ऋषिराज म्हणजे शिक्षणसंस्थेचे चेअरमन मानसिंगराव यांचा एकुलता एक पोरगा. वय बावीस, पैलवान. पौषात औंधला यमाईच्या यात्रेत त्याची कुस्ती लागली, समोरच्यानं ढाक मारली आणि हा असा काही पडला की कण्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. कमरेखालचं सगळं तिथंच संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फेटे उडवले. चीतपट झालेला माणूस उठेना, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

चेअरमनसाहेबांनी पोराला मिरजेला नेलं, पुण्याला नेलं, मुंबईला नेलं. सगळ्या डॉक्टरांनी एकच सांगितलं: कण्यातली दोरी तुटली, ती परत जोडत नाही. साहेबांचं गाव साताऱ्याच्या हद्दीत, ऊस तिथं, मतं तिथं, आणि कॉलेज मात्र सांगलीत, कारण फी सांगलीत जास्त मिळते. अशा माणसाला 'नाही' हा शब्द तीस वर्षांत कुणी ऐकवला नव्हता. तो त्यांना कळलाच नाही. त्यांनी एक देवऋषी करून बघितला, एक केरळचा तेलवाला करून बघितला, आणि मग त्यांच्याच कॉलेजातले डॉ. मुरगूडकर पुढं आले.

मुरगूडकर संस्थेच्या संशोधन केंद्राचे संचालक. दोन वर्षांपूर्वी परदेशात मेंढीच्या आचळाच्या पेशीपासून अख्खी मेंढी झाली, तेव्हापासून हा माणूस झोपला नव्हता. त्यानं चेअरमनसाहेबांना बंगल्यावर जाऊन समजावलं.

"साहेब, आपल्या अंगातली प्रत्येक पेशी एके काळी लहान मूल होती. तिचं पुढं काहीही होऊ शकत होतं. मग ती मोठी झाली, कातडी झाली, आणि कातडीच राहिली. आपण ऋषिराजच्या मांडीची थोडी कातडी घ्यायची, त्या पेशीला परत लहान करायची, आणि सांगायचं, बाई, आता तू कण्यातली नस हो."

"म्हंजी तिला पुन्यांदा पाळण्यात घालायची," चेअरमन म्हणाले.

"अगदी अचूक!"

"आणि मग ती म्हणंल ते ऐकंल?"

"लहान मूल आहे, साहेब. ऐकणारच."

ज्याला मुलं नाहीत त्यानंच असं बोलावं. मुरगूडकरांना मुलं नव्हती.

पेशीला पाळण्यात घालायचं काम ते स्वतः करत नव्हते. ते काम प्रियदर्शनी खरात करायची. ही दुष्काळी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. बाप राजाराम मुंबईत गोदीत हमाली करून पैसे पाठवायचा आणि पत्रात अभ्यास सोडून दुसरं काही विचारायचा नाही. पुण्याला पेशींवर डॉक्टरेट करून ती आली. संस्थेला एक राखीव जागा भरायची होती आणि भरल्यावर बोंबही मारायची होती. तिच्या एका नेमणुकीत दोन्ही कामं उरकली.

आता ही पेशी लहान करायची कशी, हे मुरगूडकरांनी बंगल्यावर सांगितलं नव्हतं. मी सांगतो. दूध आपोआप दही होत नाही, विरजण लावावं लागतं. कातडीच्या पेशीलाही विरजण लागतं, म्हणजे जिला लहान कसं राहायचं ते येतं अशी दुसरी पेशी तिच्यात मिसळावी लागते. अशी पेशी मिळते कुठं? एका जातीच्या कॅन्सरच्या गाठीत. त्या गाठीतल्या पेशी मोठ्या व्हायला तयारच नसतात. त्या नुसत्या वाढत राहतात, आणि लहर आली की केस होतात, हाड होतात, काहीही होतात. अशी एक पेशी कातडीच्या पेशीशी जोडली की कातडी आपलं वय विसरते. चमत्कारच आहे, खोटं कशाला बोला. प्रियदर्शनीनं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ते बघितलं तेव्हा ती दिवसभर जेवली नव्हती.

पण विरजण कशाचं आहे ते दही विसरत नाही.

सात उंदरांचे कणे दाबून त्यांचे मागचे पाय लुळे केले आणि त्या पेशी टोचल्या. चार मेले. मुरगूडकरांनी अहवालात लिहिलं, थंडीने. महिना मे होता. दोघे होते तसेच लुळे पडून राहिले. एक मात्र उठला. पिंजऱ्यात फरपटत, मग लंगडत, मग चक्क चालत हिंडायला लागला. तालमीतली पोरं बघायला आली आणि त्यांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. तिसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'विश्रामबागेत उंदीर चालला, आता माणूस चालणार!'

शेजारच्या पिंजऱ्यात काहीच न टोचलेले उंदीर होते. त्यांचेही कणे दाबलेले. त्यातला एक पैलवानाच्या आधी चालायला लागला होता. त्याची बातमी नाही, कारण त्याला कुणी बरं केलं नव्हतं. तो आपला आपण बरा झाला होता.

पैलवानाचं वजन वाढायला लागलं. इथंच खरी गंमत. आपल्या भागात वजन वाढणं म्हणजे तब्येत, विषय संपला. ऋषिराजचे वस्ताद नाथाजी आठवड्यातून एकदा केंद्रात यायचे, उंदराकडं बघायचे आणि मिशीवर हात फिरवायचे.

"अंगी लागाय लागलंय खाणं," ते म्हणायचे. "पाठ बघा की. पाठ भरली. पाठ भरल्याबिगर ताकद येत न्हाई गड्या."

पाठच भरत होती. प्रियदर्शनीनं बोट फिरवून बघितलं होतं. ती मुरगूडकरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, त्याच्या पाठीत गाठ आहे. मेलेल्या चारांतले दोन मी उघडले, त्यांच्यातही होती."

"मिस खरात, तुम्हाला उघडायला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग उघडू नका."

"ऋषिराजसाठी जे विरजण आणलंय ते माणसाच्या गाठीचं आहे, सर. उंदराची गाठ उंदरात वाढली. माणसाची माणसात वाढेल."

मुरगूडकर हसले. सुशिक्षित माणूस खोटं बोलण्याआधी हसतो, अडाणी माणूस नंतर. "प्रमाण अत्यल्प आहे. आणि मंगळवारचं इंजेक्शन ठरलंय. गुरुवारी सत्कार, मंगळवारी इंजेक्शन. निवडणुका तोंडावर आहेत, साहेबांना तिकीट हवंय. यात तुमचं माझं काय चालतं?"

म्हणून ती चेअरमनसाहेबांकडं गेली. ते ऑफिसात नाथाजी वस्तादांबरोबर मंडपाचा विषय बोलत बसले होते. तिला बसा म्हणाले नाहीत. ती उभ्यानंच बोलली.

"साहेब, ऋषिराजला जे टोचणार आहेत त्यातलं विरजण कॅन्सरच्या पेशीचं आहे. तुम्हाला हे कुणी सांगितलंय का?"

"कॅन्सर? कशाचा कॅन्सर?"

"वृषणाचा."

"म्हंजी?"

वस्तादांनी घसा साफ केला. "गोटीचा, साहेब."

चेअरमनसाहेब खुर्चीत सरळ झाले. आता कुठं त्यांचं लक्ष लागलं. "कुणाच्या?"

"परदेशातल्या एका माणसाच्या. तो गेला असेल कधीचा. त्याच्या गाठीतल्या पेशी बाटलीत वाढवून जगभर विकतात."

"माझ्या पोराच्या अंगात, ज्यानं लंगोट सोडला न्हाई त्याच्या अंगात, परक्याच्या गोटीतलं घालायचं?" साहेबांनी मंडपाचा कागद बाजूला सारला. प्रियदर्शनीला वाटलं, चला, कॅन्सरनं नाही तर लंगोटानं का होईना, काम झालं. मग साहेबांनी विचारलं, "त्याची जात कुठली?"

"गोरा होता, साहेब," वस्ताद म्हणाले. "गोऱ्यांत जात नसती."

"मग चालंल," चेअरमन म्हणाले. "आणि बाई, तुमी जरा सबुरीनं घ्या. तुमच्या लोकांस्नी शिकवून नोकरीला लावलं तर तुमी आमच्यातच खोट काढता."

"खोट पेशीत आहे, साहेब. माझी जात तिला माहीत नाही. तुमचीही नाही."

एवढं बोलून ती बाहेर आली. नोकरी गेल्यातच जमा होती, तेव्हा मनातलं आणखी बोलली असती तरी चाललं असतं, असं तिला जिन्यात वाटलं. नेहमी जिन्यातच वाटतं.

*

गुरुवारी कॉलेजच्या मैदानात मंडप. मंडपावर बोर्ड: 'युवा पैलवान ऋषिराज मानसिंगराव येत्या गणेशोत्सवात स्वतःच्या पायावर उभे राहणार! सर्वांना सस्नेह निमंत्रण.' मुलगा पायावर उभा राहणार त्याचं आमंत्रण लग्नासारखं. स्टेजवर चाकाच्या खुर्चीत ऋषिराज. वरची छाती अजून पैलवानाची, मांड्या मात्र पोरवयाच्या झालेल्या, त्यांच्यावर शाल टाकलेली. शेजारी त्याची आई शालूबाई. आणि टेबलावर सराफकट्ट्यावरून आणलेला तराजू.

पेढेतुला करायची होती. पुढाऱ्याची पेढेतुला करतात, लाडवांची करतात, गुळाची करतात, मग उंदराची का नाही? साताऱ्याहून कंदी पेढ्यांच्या परातीच्या पराती आणल्या होत्या. उंदीर म्हणजे काय पुढारी आहे का, त्याला दोन पेढेही जास्त झाले. दुसरा पेढा ठेवला तेव्हा उंदराचं पारडं थोडं वर गेलं, म्हणून त्या पेढ्याचा एक कोपरा मोडून काढला. उरलेल्या पराती तशाच.

"पावणेदोन पेढे!" निवेदक ओरडला. "लुळा होता तेव्हा एक पेढा भरत होता, आज पावणेदोन! टाळ्या!"

टाळ्या. फटाके. शालूबाईंनी उंदराच्या कपाळाला कुंकू लावलं. पांढऱ्या अंगावर ते चांगलं दिसलं, हे कबूल केलं पाहिजे.

"आता पैलवान चालून दाखवणार," मुरगूडकर माईकवर म्हणाले आणि त्यांनी उंदीर टेबलावर सोडला.

पैलवान चालला नाही. पुढच्या दोन पायांनी अंग ओढत वीतभर गेला आणि थांबला. मागचे पाय परत लुळे पडले होते. लांबवर कुठं पोर रडत होतं, तेवढंच मंडपात ऐकू येत होतं.

"गर्दीला लाजतोय," मुरगूडकर म्हणाले.

लोक हसले. हसले म्हणजे सुटले. एवढ्यात ऋषिराज म्हणाला, "आणा त्याला इकडं."

प्रियदर्शनी टेबलामागं उभी होती. तिनं उंदीर उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. ऋषिराजनं आधी नुसतं त्याच्याकडं बघितलं. मग अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला. लहानपणापासून तालमीत दुसऱ्यांची अंगं रगडलेला पोरगा. पाठ कशी लागते हाताला, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. मांस दाबलं की सरकतं, सोडलं की जागेवर येतं. हे सरकत नव्हतं. त्यानं परत दाबलं. उंदीर चिरकला.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्याच्या पाठीत काय हाय?"

माईक चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"गाठ," ती म्हणाली.

"कसली?"

"तुमच्या पाठीत मंगळवारी टोचणार आहेत ना, तसल्याच विरजणापासून झालेली."

चेअरमनसाहेबांनी माईकवर पंजा ठेवला. बँडवाल्यांना कुणीतरी खूण केली आणि बँड सुरू झाला. निवेदक माईकशिवाय ओरडायला लागला, "सर्वांनी अल्पोपहार घेतल्याशिवाय जाऊ नये!" आणि पाच मिनिटांत मंडप रिकामा झाला. उंदराच्या पाठीतल्या गाठीपेक्षा जिलेबीची काळजी जास्त, यात लोकांचा दोष काढता येत नाही. जिलेबी संपते.

"कापा ह्याला," ऋषिराज म्हणाला.

"आरं मी आत्ता कुकू लावलंय त्याला!" शालूबाई म्हणाल्या.

"आज गुरुवार हाय," चेअरमन म्हणाले. "गुरुवारी कापाकापी न्हाई करायची."

"हा उंदीर आता संस्थेचा मानबिंदू आहे," मुरगूडकर म्हणाले.

ऋषिराजनं उंदीर हातात धरून ठेवला होता. "वर न्या मला," तो तालमीच्या पोरांना म्हणाला.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट नाही, तिचे पैसे कुठल्या खड्ड्यात गेले ते सांगत बसत नाही. चार पोरांनी खुर्चीसकट त्याला वर नेला, टेबलापाशी ठेवला, आणि जिलेबी संपायच्या आत खाली पळाली. शालूबाई आल्या नाहीत. कुंकू लावलेल्या जिवाचं मरण बघणार नाही म्हणाल्या.

प्रियदर्शनीनं बरणीत इथरचा बोळा टाकला, उंदीर आत ठेवला, झाकण लावलं आणि तो निजेपर्यंत दुसरीकडं बघत राहिली. हे काम तिला कधीच आवडलं नव्हतं. मग बाहेर काढून पाठीवरची कातडी उभी चिरली.

गाठ सुपारीएवढी. कण्यात रुतून बसलेली. तिनं ती मधोमध कापली. आत ओल्या केसांचा पुंजका, मऊ हाडाचा एक तुकडा आणि दातासारखा एक पांढरा कण. चेअरमनसाहेबांनी रुमाल नाकाला लावला.

पहिला आवाज मुरगूडकरांचा. आणि खरं सांगतो, त्यात आनंद होता.

"बघितलंत? केस! कूर्चा! म्हणजे पेशी खरोखर लहान झाली होती, काहीही बनायला तयार होती! हे सिद्ध झालं!"

"डॉक्टर," ऋषिराज म्हणाला, "माझ्या पाठीत दात उगवलं, तर घास पाठीला भरवायचा का?"

"अरे, तू त्याचा असा अर्थ घेऊ नकोस. उंदरात झालं म्हणून माणसात होतंच असं नाही. थोडा धोका असतोच. कुस्तीत नसतो का?"

"कुस्तीत समोरचा दिसतो."

ऋषिराज त्या गाठीकडं बघत होता. कातरीच्या टोकानं त्यानं केसांचा पुंजका हलवून बघितला, आणि मग प्रियदर्शनीला ज्याची अपेक्षा नव्हती ते विचारलं.

"किती दिवस चालला हा?"

"पंधरवडाभर."

"म्हंजी पंधरवडा तरी चालला."

मुरगूडकरांच्या चेहऱ्यावर परत रक्त आलं. ते पुढं झाले, "बघा साहेब, पोरगं स्वतः म्हणतंय—"

"तुमी थांबा," ऋषिराज म्हणाला. "मॅडम, तुमाला विचारतोय. पंधरा दिवस चालायला मिळालं आणि मग मेलो, तर त्यात वाईट काय? रोज सकाळी मला दोघं उचलून परसाकडं बसवत्यात. तुमाला काय ठावं हाय त्याचं?"

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "पण पंधरा दिवस मिळतील हे कुणी सांगितलं? टोचलं होतं सात जणांना. चार मेले, दोन उठलेच नाहीत. आणि ज्याला काहीच टोचलं नव्हतं असाही एक चालला. हा सुईनं चालला का आपला आपण, ते मला सांगता येत नाही. यांनाही येत नाही. यांना फक्त बोर्ड रंगवता येतो."

"मग तुमच्याकडं दुसरं काय हाय?"

"काही नाही."

"कवा येईल?"

"कधीतरी येईल. पेशी लहान करायची दुसरी, स्वच्छ वाट कुणीतरी शोधेल. तरीसुद्धा तिला थांबायला कसं शिकवायचं, ते कोडं राहीलच. मोठी झालेली पेशी थांबते, हाच तिचा गुण. तो काढून घेतला तर ती बरीही करते आणि मारतेही. तुमच्या वेळेत जमेल का, नाही सांगू शकत."

"लय कोरडं बोलता तुमी."

"माणची हाय मी," प्रियदर्शनीची कॉलेजातली भाषा एकदम गळून पडली. "आमच्यात ओलं काय नसतंय."

ऋषिराज हसला. ते हसणं बघून मला वाटतं त्याच्या बापाला पहिल्यांदा भीती वाटली असावी. पोरानं बरणी बाजूला सरकवली.

"न्हाई घ्यायची सुई मला, आबा."

"असं कसं?" चेअरमनसाहेबांचा आवाज चढला. "मी शब्द दिलाय लोकांस्नी. बोर्ड लागल्यात गावोगाव. साताऱ्यापास्नं सांगलीपतोर सगळ्यांस्नी सांगितलंय, गणपतीत पोरगं उभं राहणार. मी काय तोंड दाखवू?"

"मग तुमी घ्या सुई."

"म्हंजी?"

"विरजण आलंय, सगळी तयारी हाय. मंगळवारी तुमी झोपा टेबलावर. तुमाला काय झालं न्हाई तर बुधवारी मी झोपतो. का हो डॉक्टर, चालंल?"

"साहेबांना कशाला?" मुरगूडकर घाईघाईनं म्हणाले. "साहेब धडधाकट आहेत. निरोगी माणसाला विनाकारण असं टोचणं... ते बरोबर नाही."

"का बरोबर न्हाई?"

मुरगूडकरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चेअरमनसाहेब त्यांच्याकडं बघत होते. हा माणूस निवडणुका लढवलेला, तीस वर्षं लोकांची तोंडं बघून मतं ओळखलेला. पोराच्या बाबतीत तो एवढे दिवस आंधळा होता, पण स्वतःच्या कातडीचा विषय निघाल्याबरोबर त्याला डॉक्टरचं तोंड बरोबर वाचता आलं. माणूस असाच असतो. त्याला शिव्या द्याव्यात तर आपल्यालाच लागतात.

"निघा तुमी," साहेब मुरगूडकरांना म्हणाले.

"साहेब, संशोधन केंद्राचं—"

"निघा म्हणलं न्हवं का!"

मुरगूडकर गेले. जाताना टेबलावरच्या गाठीची बशी बरोबर घेऊन निघाले होते. प्रियदर्शनीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या एका संस्थेत संचालक झाले, तिथंही त्यांचा सत्कार झाला, पण तो त्या संस्थेचा प्रश्न.

आता खाली जायचं होतं. साहेबांनी जिन्यातून हाका मारल्या. पोरं जिलेबीच्या पंगतीत, त्यात बँड वाजतोय, कुणाला ऐकू जाणार? थोडा वेळ साहेब जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. ज्याच्या एका हाकेला शंभर माणसं धावतात असं भाषणात सांगितलं जातं, तो माणूस. मग त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, खुर्चीसमोर पाठ करून उकिडवे बसले आणि म्हणाले, "ये."

"तुमच्यानं व्हायचं न्हाई, आबा."

"ये म्हणतो ना!"

प्रियदर्शनीनं ऋषिराजला बगलेत धरून पुढं सरकवलं. त्यानं बापाच्या गळ्यात हात टाकले. साहेब भिंतीचा आधार घेत उठले, टाचेखाली येऊन धोतर फाटल्याचा आवाज आला. ती मागून रिकामी खुर्ची घेऊन एकेक पायरी उतरायला लागली.

"हळू," ऋषिराज म्हणाला. "पाय लोंबत्यात, भिंतीला घासू नका. मला कळत न्हाई, पण रक्त येतंय."

"व्हय."

"आणि ती पिशवी जरा सावरून धरा. खाली लोंबली की नळी ओढती."

"कुठली पिशवी?"

"लघवीची."

मधल्या चौकात साहेबांचा दम संपला. पोराला पाठीवर घेऊनच ते पायरीवर बसले, एका हातानं कठडा धरून. घामानं सदरा भिजला होता. खाली निवेदक आता कुणाकुणाचे आभार मानत होता. त्याच्या आवाजात साहेबांचं नाव दोनदा आलं. ते उठले नाहीत.

त्यांनी प्रियदर्शनीकडं मान वळवली.

"बाई, ह्या पिशवीचं काय करायचं असतं? कवा बदलायची, कशी बदलायची... घरात सगळं पोरंच बघत्यात. मी आतापतोर खोलीतच गेलो न्हाई तसल्या टायमाला."

"मला नाही ठाऊक, साहेब. मी उंदरांची डॉक्टर."

"मला ठाव हाय," त्यांच्या पाठीवरून ऋषिराज म्हणाला. "आदी पिशवी ह्या हातात घ्या. अशी न्हाई. वरनं. आता वाकडी करू नका, सांगतो तुमाला सगळं."